घोड्यावर उभ्या माणसाचा हात पोहोचेल इतकी भिंत

1036 साली राजपुत्र म्स्तिस्लाव्ह शिकारीला गेला, तिथेच आजारी पडला आणि मेला. त्याच्या राजधानीत, आजच्या युक्रेनमधल्या देस्ना नदीकाठच्या चेर्निहिव्हमध्ये, तेव्हा एका मोठ्या चर्चचं बांधकाम चालू होतं. बखरकाराने राजाच्या मृत्यूची नोंद केली, त्याला त्याच चर्चमध्ये पुरल्याचं लिहिलं आणि जाता जाता बांधकाम कुठवर आलं होतं तेही सांगितलं. घोड्यावर उभं राहून हात वर केला तर जिथे पोहोचेल, तिथवर भिंती चढल्या होत्या.

चेर्निहिव्हबद्दल मी वाचलेलं हे पहिलं वाक्य. त्या शहरावर माझा जीव जडला तो या वाक्यामुळे. कुण्या राजाच्या पराक्रमापेक्षा अर्ध्यावर राहिलेल्या भिंतीची उंची लिहून ठेवावीशी वाटली, असा तो बखरकार. म्स्तिस्लाव्हचा एकुलता मुलगा त्याच्या आधीच गेला होता, वारस नव्हता. राज्य भावाकडे गेलं, कीव्हच्या यारोस्लाव्हकडे. दोघे एके काळी एकमेकांविरुद्ध लढले होते आणि नंतर नीपर नदी मध्ये धरून त्यांनी राज्य वाटून घेतलं होतं. तरीही भिंती पाडल्या गेल्या नाहीत, तशाच सोडल्याही गेल्या नाहीत. पुढच्यांनी त्या वर नेल्या, घुमट चढवले. आज आपण जे स्पास्की कॅथेड्रल बघतो ते हेच. कीव्हच्या प्रसिद्ध सेंट सोफियाच्या बरोबरीचं, युक्रेनमधल्या सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंपैकी एक.

नोकरीनिमित्त कीव्हमध्ये राहत होते तेव्हा मी चेर्निहिव्हला पुनःपुन्हा गेले. पूर्व कीव्हमधल्या मेट्रो स्थानकाबाहेरून मार्शरुत्का मिळायची. मार्शरुत्का म्हणजे ठरल्या मार्गावर धावणारी छोटी बस, भरली की निघणारी. उत्तर-पूर्वेला सुमारे 140 किलोमीटर सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना पाइनची जंगलं, मध्येच बटाट्याची शेतं, शेवटी देस्नेवरचा पूल आणि पलीकडे टेकाडावर सोनेरी घुमटांची रांग. पूल ओलांडताना दिसणारे ते पाच घुमट कॅथरीनच्या चर्चचे. 1696 साली अझोव्हच्या किल्ल्यावर केलेल्या चढाईतल्या कोसॅकांच्या, म्हणजे युक्रेनच्या घोडेस्वार लढवय्यांच्या, शौर्याची आठवण म्हणून हे चर्च ओळखलं जातं. ते पूर्ण होऊन त्याचा अभिषेक झाला 1715 साली. पांढरंशुभ्र, उंच, आणि चारही बाजूंनी सारखंच देखणं.

पण पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे न थांबता थेट वालवर गेले. वाल म्हणजे जुन्या कोटाची जागा, आता मोठी बाग. कडेला तटावर 12 लोखंडी तोफा ओळीने मांडलेल्या आहेत आणि त्यांच्यावर कायम कुणाचं तरी पोर बसलेलं असतं. तोफांचा लोखंडी पाठीचा भाग पोरांच्या घसरण्याने गुळगुळीत झालाय. त्यांच्या मागे झाडांतून स्पास्कीचे दोन निमुळते बुरूज दिसतात. टोकदार शंकूंसारखी ही शिखरं अकराव्या शतकातली नाहीत. 1756 च्या मोठ्या आगीनंतर जी दुरुस्ती झाली त्यात ती आली. उत्तरेकडच्या बुरुजात मात्र जुनी विटांची बांधणी शाबूत आहे. त्याच्या गोलाईवर कमानदार कोनाडे आहेत आणि ऊन सरकेल तसा एकेक कोनाडा उजळत जातो. वेळ सांगण्यासाठीच ते केलेत असं गावातले लोक खात्रीने सांगतात. मी बराच वेळ तिथे उभी राहिले होते. वेळ कळली नाही, पण ऊन खरंच एका कोनाड्यातून दुसऱ्यात गेलं.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. बाहेरून दिसतं त्यापेक्षा आत ते कितीतरी उंच वाटतं. म्स्तिस्लाव्ह इथे आहे. ‘इहोरच्या स्वारीचं गीत’ या प्राचीन काव्याचा नायक, राजपुत्र इहोर, त्यालाही इथेच पुरलं असं मानतात. भिंतींवर एके काळी भित्तिचित्रं होती. त्यातल्या संत थेक्लाच्या चेहऱ्याचा तुकडा शतकानुशतकं टिकला आणि दुसऱ्या महायुद्धात गेला. आता उरलीय ती फक्त त्याची नक्कल, आधी कुणीतरी काळजीपूर्वक करून ठेवलेली. तेव्हा ती नक्कल मी ओझरती बघून पुढे गेले. कुणीतरी वेळेत कागदावर उतरवून ठेवलं म्हणून तो चेहरा आपल्याला माहीत आहे, याचं महत्त्व मला पुढे प्यात्नित्स्का चर्चपाशी कळलं.

शेजारी बोरिस-ग्लेब कॅथेड्रल. हे बाराव्या शतकातलं. युद्धात उद्ध्वस्त झालं आणि 1950 च्या दशकात पुन्हा उभं केलं गेलं. आत संग्रहालय आहे. त्यात दोन गोष्टींसमोर माणसं थबकतात. एक म्हणजे चुनखडीच्या दगडात कोरलेलं खांबाचं शीर्ष, वेलींच्या जाळीत अडकलेला विचित्र प्राणी असलेलं. दुसरी म्हणजे चांदीची दारं. देवघराच्या पडद्याच्या मधोमध असतात ती ‘राजदारं’. कोसॅकांचा हेटमान, म्हणजे सर्वोच्च नेता, इव्हान माझेपा याने स्वतःच्या खर्चाने ती करवून घेतली, जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या सोनारांकडून, 1702 साली. पाया खोदताना चांदीची एक जुनी मूर्ती सापडली आणि ती वितळवून ही दारं घडवली, असं सांगतात. ते खरं असेल तर ख्रिस्ती होण्याआधीचा कुणी देव या दारांत आहे. दारांवर माझेपाचं राजचिन्ह आहे. पुढे 1708 मध्ये माझेपा झार पीटरची साथ सोडून स्वीडनच्या राजाला मिळाला. मग रशियाच्या चर्चने त्याला बहिष्कृत केलं आणि चर्चमध्ये त्याच्या नावाने शाप उच्चारले जाऊ लागले. शाप चालू राहिले आणि चिन्हही राहिलं. इतक्या वर्षांत ते खरवडून काढावं असं कुणाला वाटलं नसेल का, की वाटूनही कुणी हात लावला नाही?

वालवरच कोसॅक कर्नल लिझोहुबचं घर आहे, सतराव्या शतकाच्या अखेरचं, जाड भिंतींचं. खिडक्यांभोवतीच्या विटांच्या नक्षीत एकीसारखी दुसरी नाही. तिथे मी फार रेंगाळले नाही. मला पोहोचायचं होतं प्यात्नित्स्काला.

प्यात्नित्स्का चर्च शहराच्या मध्यात, नाट्यगृहामागच्या बागेत आहे. ते संत परस्केव्हाच्या नावाचं. ती व्यापाऱ्यांची रक्षणकर्ती, म्हणून हे चर्च बाजाराच्या जागेत. स्पास्कीसमोर ते लहान आहे. पण लालसर विटांच्या त्या भिंती एकीवर एक कमानींच्या पायऱ्या घेत वर जातात आणि एका बारीक उंच मानेवर एकच घुमट उचलतात. मी पाहिलेल्या चर्चमध्ये हे मला सर्वांत आवडतं. पहिल्याच भेटीत मी त्याच्याभोवती कितीदा फिरले कोण जाणे. पाहताना वाटतं, आठशे वर्षं ते असंच उभं आहे. तसं ते नाही.

बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या सुरुवातीला ते बांधलं गेलं. 1239 मध्ये मंगोल आले, शहर जाळलं गेलं. सतराव्या शतकात कोसॅक कर्नल वासिल दुनिन-बोर्कोव्स्कीने त्याच्या दुरुस्तीला पैसा दिला. (या माणसाबद्दल गावात अजून दंतकथा सांगतात. मेल्यावरही तो रात्री काळ्या बग्गीतून घरी जायचा म्हणे. इतकी चर्चेस सावरणाऱ्या माणसाच्या वाट्याला अशी कथा यावी याचं मला वाईट वाटतं.) मग त्यावर बरोक, म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या भरजरी शैलीचा साज चढला: सात घुमट, वळणदार माथे, वर गिलावा. शेजारी 1820 च्या सुमाराला गोल घंटाघर आलं. हळूहळू हे चर्च बरोकच आहे असं सगळे धरून चालले. आतलं जुनं शरीर कुणाला आठवत नव्हतं.

सप्टेंबर 1943 मध्ये, जर्मन सैन्य माघार घेत असताना आणि शहर सुटलं त्या दिवसांत, त्यावर बॉम्ब पडले. बरंचसं कोसळलं. त्याच सुमाराला प्योत्र बारानोव्स्की नावाचा वास्तुतज्ज्ञ तिथे पोहोचला. जुन्या वास्तू वाचवण्याच्या हट्टापायी त्याने आधीच बरंच भोगलं होतं. 1933 मध्ये अटक झाली होती आणि सायबेरियातल्या छावणीत वर्षं काढावी लागली होती. तो चेर्निहिव्हला आला तेव्हा ढिगाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला जे दिसायचं ते सगळ्यांना दिसत होतं: ढिगारा. त्याला दिसलं ते वेगळं. बॉम्बने बरोकचं कवच फोडलं होतं आणि फुटलेल्या भिंतींत खूप जुनी, चपटी, पातळ वीट उघडी पडली होती. कमानींची वळणं अर्धवट लटकत होती. त्या वळणांवरून त्याने वाचलं की हे चर्च पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत होतं. पुढे मॉस्कोच्या चर्चमध्ये दिसते ती कमानींची चढती रचना मंगोल येण्याआधीच या नदीकाठच्या कारागिरांना सुचली होती.

युद्ध अजून संपलेलं नव्हतं. हातात होतं ते मोजमाप. त्याने मोजलं, काढलं, पडलेल्या भागांची कुठे काय जागा ते लिहिलं. जुन्या मापाच्या विटा नव्याने पाडून घेतल्या गेल्या. काम वर्षानुवर्षं चाललं, मिकोला खोलोस्तेंको हा वास्तुविशारदही त्यात होता. 1962 मध्ये चर्च उभं राहिलं, सातशे-साडेसातशे वर्षांत कुणी न पाहिलेल्या रूपात.

इथे मला एक गोष्ट सलते आणि ती सांगायला हवी. त्याच वर्षी शेजारचं गोल घंटाघर पाडलं गेलं. जुन्या रूपाला ते शोभत नव्हतं. बरोक घुमटही परत आले नाहीत. अडीच शतकं लोक ज्या चर्चला ओळखत होते, जिथे त्यांच्या आज्यांची लग्नं लागली, ते चर्च गेलं आणि त्याच्या जागी त्याहून सुंदर चर्च आलं. मी बारानोव्स्कीच्या बाजूची आहे. त्याने जे परत आणलं ते जगात दुसरीकडे नाही. पण घंटाघर बॉम्बने नव्हे, चांगल्या हेतूने गेलं आणि ते जायला नको होतं असं मला अजून वाटतं. तिथे मेणबत्त्या विकणाऱ्या बाबुस्याला, म्हणजे आजीबाईला, मी माझ्या तोडक्यामोडक्या युक्रेनियनमध्ये विचारलं होतं, तुम्हाला जुनं आठवतं का. ती म्हणाली, आईला आठवायचं, मला हेच. आणि तिने माझ्या हातातली मेणबत्ती तिरपी झाली होती ती सरळ केली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला बोल्दिना टेकड्या आहेत. तिथे 1069 च्या सुमाराला, राजाच्या रागामुळे कीव्ह सोडावं लागलेल्या संत अंतोनीने गुहा खोदायला घेतली. पुढे शतकानुशतकं ती वाढत गेली. आज साडेतीनशे मीटरच्या आसपास लांबीचे बोगदे आहेत आणि त्यांच्या पोटात छोटी चर्चेस आहेत. आत उन्हाळ्यातही थंडी असते. तिथे आवाज खूप वेळ टिकतो, म्हणून कुणी मोठ्याने बोलत नाही. वर इलिन्स्का हे छोटं चर्च आहे. जवळच त्रोईत्स्का मठाचं घंटाघर, 58 मीटर उंच, वर जायला जिना. त्यावरून सगळं शहर एका नजरेत येतं: देस्नेचं वळण, वाल, येलेत्स मठ आणि त्याच्या बाजूला चोर्ना मोहिला, म्हणजे दहाव्या शतकातल्या कुण्या सरदाराच्या दफनावरचा मातीचा उंचवटा. तो 1870 च्या दशकात उकरला गेला. चांदीने मढवलेली रानबैलांची शिंगं निघाली. ती मॉस्कोच्या संग्रहालयात गेली आणि तिथेच आहेत. चेर्निहिव्हमध्ये उंचवटा आहे, त्यातलं काही नाही.

त्याच टेकड्यांवर लेखक मिखाइलो कोत्स्युबिन्स्की याची कबर आहे. 1898 ते 1913, म्हणजे शेवटपर्यंत, तो या गावात राहिला आणि पोटासाठी सांख्यिकी कार्यालयात आकडे मांडत राहिला. त्याचं घर आता संग्रहालय आहे. लिहिण्याचं टेबल, पुस्तकं आणि त्याने स्वतः लावलेली बाग. शनिवारी त्याच्याकडे लिहिणारी माणसं जमायची. त्यात पाव्लो तिचिना नावाचा एक लाजाळू विद्यार्थी असे, तोही पुढे मोठा कवी झाला. मला घरापेक्षा बाग जास्त आवडली. फुलं आणि ऊन यांवर या माणसाचं इतकं प्रेम होतं की त्याला सूर्यपूजक म्हणायचे.

आणि वासिल तार्नोव्स्की. जमीनदार घराण्यातला. त्याने आयुष्यभर कोसॅक काळातल्या वस्तू, शस्त्रं, पोर्ट्रेटं, कागदपत्रं आणि महाकवी तारास शेव्चेंको याची चित्रं-हस्तलिखितं गोळा केली. या नादात आणि दानधर्मात पैसा संपला, वडिलोपार्जित काचानिव्काची हवेली विकावी लागली. संग्रह मात्र विकला नाही. तो त्याने चेर्निहिव्हला दिला. 1899 मध्ये तो गेला. त्याच्या संग्रहाचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं ते 1902 मध्ये, कमानदार खिडक्यांच्या एका विटांच्या इमारतीत. नंतर संग्रह वालवर, गव्हर्नरच्या जुन्या घरात गेला. शेव्चेंकोच्या बऱ्याच वस्तू राजधानीत नेल्या गेल्या. मूळ इमारतीत मुलांसाठी आणि तरुणांसाठी ग्रंथालय आलं. मी ती इमारत फक्त बाहेरून पाहिली. समोर स्टेडियम, पोरं धावत होती.

फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस रशियन सैन्य बेलारूसच्या सीमेवरून उतरलं आणि पहिल्याच दिवसांत चेर्निहिव्हला येऊन भिडलं. तेव्हा मी पुण्यात परतलेली होते. आपल्याकडे टीव्हीवर सुमी आणि खार्किव्ह ही नावं सतत होती. तिथे आपली मुलं वैद्यकीय शिक्षणाला होती आणि सुमीत सातशेच्या आसपास भारतीय विद्यार्थी अडकले होते. ते 8 मार्चला निघाले तेव्हा मी घरात बसून रडले. चेर्निहिव्ह हे नाव मात्र बातम्यांत कधीतरीच यायचं. मी ते रोज शोधत होते. 3 मार्चला वस्तीवर बॉम्ब पडले, 47 माणसं गेली. 11 मार्चच्या रात्री स्टेडियमवर आणि शेजारच्या ग्रंथालयावर. सकाळी फोटो आला: मैदानात खड्डा, आणि तार्नोव्स्कीच्या इमारतीचा एक भाग पूर्ण खाली, उरलेल्या कमानदार खिडक्यांतून आकाश. 16 मार्चला पावासाठी रांगेत उभी असलेली माणसं मारली गेली. 23 मार्चला देस्नेवरचा तो पूल गेला. महिन्याच्या अखेरीला सैन्य हटलं. स्पास्की उभं होतं, प्यात्नित्स्काही उभं होतं.

पण संपलं नाही. 19 ऑगस्ट 2023, शनिवार. त्या दिवशी ख्रिस्ताच्या रूपांतराचा सण होता, म्हणजे स्पास्की कॅथेड्रल ज्या सणाच्या नावाने उभं आहे तोच सण. लोक या दिवशी नवी सफरचंदं टोपलीत घालून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. सकाळची प्रार्थना आटोपून लोक परतत होते तेव्हा नाट्यगृहावर क्षेपणास्त्र आदळलं. आत ड्रोन बनवणाऱ्यांची बैठक होती, पण मेले ते बहुतेक बाहेर, रस्त्यावर आणि गाड्यांत. सात जण, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी. जखमी 140 हून अधिक. नाट्यगृहामागे काही पावलांवर प्यात्नित्स्का.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते. पुढे त्या ग्रंथालयाचं काय करायचं? युक्रेनमध्ये आता लेझर स्कॅनर घेऊन लोक एकेका वास्तूचं मोजमाप करताहेत, उभ्या वास्तूंचंही आणि पडलेल्यांचंही. कधी सायरन वाजत असतानाही. बारानोव्स्कीकडे फीत आणि पेन्सिल होती, यांच्याकडे लक्षावधी बिंदूंचे नकाशे आहेत. काम तेच. त्यामुळे ती इमारत हुबेहूब परत बांधता येईल यात मला शंका नाही. कुणी म्हणेल जुनं कुठे इतकं महत्त्वाचं, त्या जागी नवीन, उजेडाचं, मोठं ग्रंथालय होऊ दे. कुणी म्हणेल भग्न भिंती तशाच ठेवा, साक्ष म्हणून.

माझा कौल पुनर्बांधणीला आहे. पण शिल्लक राहिलेली प्रत्येक वीट तिथेच ठेवून. नवी वीट जुनीपासून वेगळी दिसेल अशी लावावी, जोड लपवू नये आणि 2022 चा घावही गिलाव्याखाली जाऊ नये. प्यात्नित्स्काला एक काळ निवडावा लागला आणि दुसरे काळ सोडावे लागले. इथे ती वेळ यायची गरज नाही. आणि आत पुन्हा मुलांचं ग्रंथालयच असावं. तार्नोव्स्कीच्या संग्रहातलं काही थोडं, एखादी तलवार, शेव्चेंकोचं एखादं चित्र, तिथे परत आणता आलं तर फार चांगलं. त्या माणसाने आपली हवेली विकली, पण हे या गावाला दिलं होतं.